इंग्रजी जोडशब्द: आधी जोड शोधा, मग जोर द्या

माझ्याकडे इंग्रजी बोलण्याच्या सरावाला नर्सिंग केलेल्या बऱ्याच मुली येतात. कुणाला बाहेरदेशी नोकरी हवी असते, कुणाची बोलण्याची परीक्षा असते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, व्याकरण पक्कं, शब्द भरपूर. तरी कॉलवर समोरचा माणूस मधेच थांबवून "सॉरी?" म्हणतो, आणि कुठल्या शब्दाला म्हणतो तर हार्ट अटॅक, ब्लड प्रेशर, पेनकिलर, म्हणजे जे शब्द आपल्याकडे खेड्यातल्या आजीलाही माहितीयत त्यांना. एकेक आवाज तपासला तर बरोबर असतो. घोळ एवढाच असतो की दोन्ही शब्दांना सारखं वजन दिलेलं असतं, हार्टला जेवढं तेवढंच अटॅकला. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला तो एक शब्द म्हणून ओळखूच येत नाही, दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी पडल्यासारखे वाटतात.

यात आपला दोष नाही, मराठीची घडणच वेगळी आहे. डोकेदुखी म्हणताना डोकेवर जोर द्या किंवा दुखीवर द्या, अर्थ तोच राहतो. इंग्रजीत तसं नाही, तिथे जोर कुठे पडला यावर अर्थ बदलतो. म्हणून हे नीट शिकून घ्यावं लागतं आणि माझ्या अनुभवात ते दोन पायऱ्यांत शिकलं की सोपं जातं, आधी शब्दातला जोड शोधायचा आणि मग जोर ठरवायचा. बहुतेक जण थेट जोराकडे धावतात आणि तिथेच अडकतात.

एक खूण ठरवून घेऊ. ज्या भागावर मुख्य जोर आहे त्याच्या आधी मी ' अशी खूण करतेय, आणि सिलॅबल तोडून दाखवताना मधे आडवी रेघ देतेय. म्हणजे 'ब्लॅक-बोर्ड याचा अर्थ दोन सिलॅबल, जोर पहिल्यावर.

आता सिलॅबल म्हणजे काय, तर एका स्वराभोवती जमलेला आवाजाचा एक घास. जितके स्वर कानाला ऐकू येतात तितके सिलॅबल. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणा, जितक्यांदा हनुवटी खाली जाते साधारण तितके सिलॅबल. लिहिलेली अक्षरं मात्र मोजू नका, ना इंग्रजीतली ना देवनागरीतली. होम या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन स्वर दिसतात पण शेवटचा ई मुका आहे, म्हणून होमवर्कमध्ये दोनच सिलॅबल, होम-वर्क. आणि देवनागरीत लिहिलं तर ब्लॅकबोर्डमध्ये चार अक्षरं दिसतात, ब्लॅ, क, बो, र्ड, पण बोलताना दोनच. हे आपल्याला नवीन नाही खरं तर, कमळ लिहितो तीन अक्षरं आणि बोलतो क-मळ, नारळ लिहितो तीन आणि बोलतो ना-रळ. तोच कान इंग्रजीला लावायचा. फक्त एक सवय सोडायची, जोडाक्षराच्या मधे स्वर घुसवायची. फिल्मचं फिलम झालं की फिल्म-स्टार हा दोन सिलॅबलचा शब्द फि-लम-स्टार असा तीनचा होतो आणि जोराचं गणितच हुकतं.

आता जोड. जोडशब्दात सिलॅबलची पहिली आणि पक्की सीमा दोन शब्दांच्या जोडावरच असते. पहिल्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पहिल्याकडेच राहतं, ते पुढच्या शब्दाच्या ताटात वाढायचं नाही. याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे नाइट्रेट आणि नाइट रेट. पहिलं रसायन, दुसरा रात्रीचा दर. दोन्हींत आवाज जवळपास तेच, जोरही दोन्हींत पहिल्या सिलॅबलवर, फरक सगळा तोडण्यात आहे. रसायनात नाय-ट्रेट, ट आणि र एकमेकांत मिसळलेले. दरात नाइट-रेट, ट पहिल्याकडे, तो जिभेवर अडवून धरायचा, मग र सुरू करायचा, आणि नाइटमधला स्वरही किंचित आखूड होतो. आइस क्रीम आणि आय स्क्रीम ही जोडी तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असते, तिथेही स कुणाच्या वाट्याला गेला एवढाच प्रश्न आहे.

जोड न दिसल्यामुळे होणारी दुसरी चूक वाचनातली आहे. इंग्रजीत पी आणि एच शेजारी दिसले की फ, टी आणि एच दिसले की थ, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मग लूपहोलचा लूफोल होतो. पण तो लूप अधिक होल आहे, म्हणून लूप-होल, प वेगळा, ह वेगळा. तसंच लाइट-हाउस, हॉट-हाउस, स्वीट-हार्ट, नाइट-हूड (म्हणजे सरदारकी, रात्र नव्हे). आपण एकहाती सामना जिंकला म्हणतो तेव्हा क आणि ह वेगवेगळेच ऐकू येतात ना, त्याचा ख होत नाही, तसंच.

जोडावर दोन्हीकडे एकच व्यंजन आलं तर काय करायचं? बुककेस, लॅम्पपोस्ट, बस स्टॉप, पेननाइफ. इथे पुष्कळ जण दोन टोकं करतात, एक तर एक व्यंजन गिळतात नाहीतर दोन्ही सुटी सुटी फोडतात, बुक्‌ थांबून पुन्हा केस. दोन्ही नको. याचं उत्तर आपल्याकडे आगगाडीत आहे! आगगाडी म्हणताना आपण ग दोनदा फोडत नाही, जीभ एकदाच लावतो, क्षणभर धरतो आणि एकदाच सोडतो. अगदी तेच बुककेसच्या कला करायचं. ज्याला आगगाडी म्हणता येते त्याला बुककेस म्हणता येतंच.

हँडबॅग, ग्रँडमदर, पोस्टकार्ड यांच्यात मात्र जोडावर व्यंजनांची गर्दी होते आणि रोजच्या बोलण्यात मधला ड किंवा ट गळतो. इंग्रज लोक स्वतःच हॅनबॅग, नाहीतर हॅम्बॅग म्हणतात. ड म्हणायचा हट्ट धरू नका, त्याने ओघ तुटतो.

इथे डिक्शनरीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, कारण यात भले भले फसतात. मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकन डिक्शनऱ्यांत मूळ शब्दाच्या मधे मधे ठिपके दिलेले असतात आणि सगळे समजतात की ते सिलॅबल आहेत. ते तसे नाहीत. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर छापताना कुठे तोडावा याच्या त्या खुणा आहेत. बोलण्यातले सिलॅबल पुढे उच्चारात वेगळे दिलेले असतात. उदाहरण घ्या, ओपन हा बोलताना दोन सिलॅबलचा शब्द आहे, ओ-पन, पण पहिलं सिलॅबल एकाच अक्षराचं, आणि एकच अक्षर ओळीच्या शेवटी लोंबकळत ठेवायचं नाही असा छपाईचा दंडक, म्हणून तिथे ठिपका नसतो. तेव्हा ठिपके बघू नका, उच्चार बघा. उच्चारातली वर दिलेली छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य जोर आणि तळाला दिलेली म्हणजे दुय्यम जोर. काही अमेरिकन डिक्शनऱ्या खुणा थोड्या वेगळ्या वापरतात, सुरुवातीच्या पानांत बघून घ्या.

काही शब्द इतके जुने झालेत की जोडच बुजलाय आणि तिथे जोड दाखवत बोललात तर उलट चूक होते. कबर्ड म्हणजे मुळात कप अधिक बोर्ड, पेले ठेवायची फळी, पण उच्चार 'क-बर्ड, प पूर्ण गेला. ब्रेकफस्ट म्हणजे ब्रेक अधिक फास्ट, उपास सोडणं, पण आता तो 'ब्रेक-फस्ट, ब्रे अगदी आखूड आणि फस्टमधला स्वर नावापुरता, आपण फास्ट म्हणून आ लांबवतो तो नको. शेपर्ड म्हणजे शीप अधिक हर्ड, त्यातला ह कधीच गेला. त्याहून जुनं बघायचं तर विंडो हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, वाऱ्याचा डोळा असा त्याचा अर्थ, आणि आपलं गवाक्षही बघा ना, गो अधिक अक्ष, म्हणजे तिकडेही डोळाच! डेझी हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा. आणि लॉर्ड हा शब्द जुन्या इंग्रजीत भाकरीचा राखणदार असा होता, लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. मला हे फार आवडतं, पण मुद्दा असा की जोडशब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो तेव्हा सगळ्यात आधी दुसऱ्या शब्दातला स्वर मरतो. पोस्टमन, पोलीसमन, सेल्समन यांच्यात मॅन नाही, मन असा पुसट उच्चार आहे. मराठीत आपण पोस्टमनच लिहितो, ते बरोबर आहे. सुपरमॅनमध्ये मात्र मॅन पूर्ण.

आता जोर कुठे द्यायचा ते.

मूळ नियम एका वाक्याचा आहे. दोन शब्द मिळून एका वस्तूचं नाव झालं असेल तर जोर पहिल्यावर, आणि पहिला शब्द नुसता दुसऱ्याचं वर्णन करत असेल तर जोर दुसऱ्यावर. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी १९६८ साली इंग्रजीच्या ध्वनिरचनेवर जे मोठं काम छापलं त्यातही हे दोन वेगळे नियम म्हणूनच मांडलेत, जोडशब्दाला डावीकडे जोर आणि शब्दसमूहाला उजवीकडे.

'ब्लॅकबोर्ड म्हणजे वर्गातला फळा, तो आता हिरवा असला तरी ब्लॅकबोर्डच. ब्लॅक 'बोर्ड म्हणजे काळ्या रंगाची कुठलीही फळी. 'ग्रीनहाउस म्हणजे रोपं वाढवायचं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घर, ग्रीन 'हाउस म्हणजे हिरवा रंग दिलेलं घर. 'व्हाइट हाउस म्हणजे वॉशिंग्टनमधलं, ज्याचं हे नाव अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये अधिकृत केलं, आणि व्हाइट 'हाउस म्हणजे गल्लीतलं कुठलंही पांढरं घर. 'गर्लफ्रेंड म्हणजे प्रेयसी, गर्ल 'फ्रेंड म्हणजे नुसती मैत्रीण, आणि इथे जोर चुकला तर गैरसमज किती होईल बघा.

मराठीत हे काम आपण कसं करतो ते लक्षात आलं की हा नियम डोक्यात पक्का बसतो. आपण पहिल्या शब्दाचं शेपूट कापतो किंवा रूप बदलतो. पाणी अधिक बुडी, पण शब्द होतो पाणबुडी. घोडा अधिक दळ, घोडदळ. पांढरा पेशा वेगळा आणि पांढरपेशा माणूस वेगळा. गोडेतेल गोड नसतं. म्हणजे हे आता एक नाव झालंय असं आपण शब्दाचं रूप बदलून सांगतो. इंग्रजीला ती सोय नाही, ब्लॅकचं रूप दोन्हीकडे ब्लॅकच राहतं, म्हणून तेच काम ती भाषा जोराने करते. आपण पाणीबुडी म्हटलं तर ऐकणाऱ्याला जसं खटकेल तसंच ब्लॅक 'बोर्ड ऐकून इंग्रजी माणसाला खटकतं.

कुठला जोर हे ओळखायची माझी चाचणी अशी, पहिला शब्द दुसऱ्याबद्दल विधान म्हणून वापरून बघा. स्लीपिंग बॅग, बॅग झोपलीये का? नाही. मग जोर पहिल्यावर, 'स्लीपिंग बॅग. स्लीपिंग चाइल्ड, मूल झोपलंय का? हो. मग स्लीपिंग 'चाइल्ड. 'ड्रिंकिंग वॉटर, पाणी काही पीत नाहीये, ते प्यायचं आहे. रनिंग 'वॉटर, पाणी खरंच वाहतंय. 'वॉशिंग मशीन, 'ड्रायव्हिंग लायसन्स, 'स्विमिंग पूल, 'वेटिंग रूम, 'डायनिंग टेबल, सगळे याच रांगेतले, आणि हे सगळे आपण रोज वापरतो. मशीन धूत असेल की असं कुणी म्हणेल, पण शब्द धुण्यासाठीचं मशीन असं सांगतो, धूत असलेलं मशीन असं नाही. तसंच 'इंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारी, ती साताऱ्याची असेल, आणि इंग्लिश 'टीचर म्हणजे इंग्लंडची बाई, ती गणित शिकवत असेल.

आता सगळ्यात कळीची गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. जोर द्या म्हटलं की आपण पहिला शब्द मोठ्याने म्हणतो, आणि दुसराही तितक्याच मोठ्याने. तसा जोर कधी येत नाही. पहिल्यावर जोर द्यायचा म्हणजे खरं तर दुसरा शब्द खाली सोडून द्यायचा. गाण्याच्या भाषेत सांगते, कारण ते मुलींना लगेच कळतं, पहिला शब्द पंचमावर आणि दुसरा सगळाच्या सगळा खाली षड्जावर, प आणि सा. 'हार्ट अटॅक, हार्ट वर प, अटॅक सपाट खाली सा वर. आवाज वाढवायचा नाही, फक्त सूर खाली आणायचा. पहिला स्वर थोडा लांबवायचा. दुसऱ्या शब्दातले आवाज स्पष्टच ठेवायचे, गिळायचे नाहीत, पण सूर परत वर जाऊ द्यायचा नाही. आणि ब्लॅक 'बोर्डसारख्यात दोन्ही शब्द ठळक म्हणायचे आणि दुसऱ्या शब्दावर सूर वरून खाली आणायचा. दोन दिवस फक्त एवढंच करा, शब्द न म्हणता नुसतं गुणगुणून. ज्या मुलीला आठवडाभर जोर सापडत नव्हता तिला गुणगुणताना पाच मिनिटांत सापडलाय, हे मी कितीदा पाहिलंय.

नियम सरळ आहे पण नावांच्या काही जाती त्याला जुमानत नाहीत, दोन्ही नामं असूनही जोर दुसऱ्यावर जातो. त्यातली सगळ्यात मोठी जात म्हणजे पहिला शब्द दुसरी वस्तू कशाची केलीये ते सांगतो तेव्हा. कॉटन 'शर्ट, स्टील 'प्लेट, पेपर 'बॅग, चीज 'सँडविच, चिकन 'सूप, ॲपल 'पाय. सफरचंद पायमध्ये आहे, म्हणून जोर पायवर. पण 'ॲपल ट्री, कारण झाड सफरचंदाचं बनलेलं नाही. आणि यातही केक आणि जूस हे दोघे फुटून निघालेत, 'चॉकलेट केक, 'ऑरेंज जूस. याला कारण शोधू नका, पाठ करा.

दुसरी जात जागेची, कुठला तरी भाग किंवा ठिकाण सांगणारी, किचन 'सिंक, फ्रंट 'डोअर, सिटी 'सेंटर. आणि रस्त्यांची नावं तर इतकी नियमित आहेत की गंमत वाटते. रोड, अव्हेन्यू, ड्राइव्ह, लेन, स्क्वेअर, पार्क, ब्रिज, पॅलेस, सगळीकडे जोर या दुसऱ्या शब्दावर, हाइड 'पार्क, लंडन 'ब्रिज, बकिंगहॅम 'पॅलेस, फिफ्थ 'ॲव्हेन्यू. एकटं स्ट्रीट अपवाद, तिथे जोर नावावर, 'ऑक्सफर्ड स्ट्रीट. म्हणजे आपल्याकडची नावं इंग्रजीत बोलताना वांद्र्याचा हिल 'रोड, मुंबईचा मरीन 'ड्राइव्ह, पण पुण्याच्या कॅम्पातली 'ईस्ट स्ट्रीट. सणांच्या नावातही असंच, ख्रिसमस 'डे आणि ख्रिसमस 'ईव्ह, पण 'ख्रिसमस ट्री आणि 'ख्रिसमस कार्ड.

आद्याक्षरं असतील तर जोर शेवटच्या अक्षरावर, बी बी 'सी, ए टी 'एम, टी 'व्ही. आपण टी.व्ही. म्हणताना बहुधा उलटं करतो.

आता ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी, कारण त्यांचा अर्धा दिवस याच शब्दांत जातो. बॅकअप, लॉगिन, सेटअप, चेकआउट, फॉलोअप. हे नाम असताना जोर पहिल्यावर आणि क्रियापद असताना छोट्या शब्दावर. टेक अ 'बॅकअप, पण बॅक 'अप द फाइल्स. युअर 'लॉगिन इज रेडी, पण प्लीज लॉग 'इन. लिहितानाही तोच फरक दिसतो, नाम जोडून आणि क्रियापद तोडून, त्यामुळे ईमेल लिहिताना जोडून की तोडून असा प्रश्न पडला तर मनात मोठ्याने म्हणून बघा, जोर उत्तर देईल. क्रिकेटवाल्यांना तर हे कानावरून माहीतच आहे, ही वॉज रन 'आउट, पण दॅट वॉज अ क्लिअर 'रनआउट. अपग्रेड आणि अपडेट यांच्यातही तसंच, नाम 'अपग्रेड, क्रियापद अप'ग्रेड. उलट जाणारे दोन मात्र लक्षात ठेवा, पासर 'बाय आणि रनर 'अप, नामं असूनही जोर शेवटी.

ओव्हर, अंडर लागलेली क्रियापदंही जोर पुढे ढकलतात, अंडर'स्टँड, ओव्हर'टेक, ओव्हर'लुक. नामं मात्र परत पहिल्यावर, 'ओव्हरकोट, 'ओव्हरटाइम. आपल्याकडे गाडी चालवताना ओव्हरटेक हा शब्द दिवसातून दहादा निघतो, त्यावरच सराव करा.

विशेषणं असलेले जोडशब्द थोडे चंचल आहेत. सेकंड 'हँड, ओल्ड 'फॅशन्ड, बॅड 'टेंपर्ड, एकटे असताना जोर दुसऱ्या भागावर, द कार इज सेकंड 'हँड. पण पुढे नाम आलं की जोर मागे सरकतो, अ 'सेकंड हँड 'कार, कारण इंग्रजीला दोन जोर अगदी चिकटून आवडत नाहीत, मधे श्वासाला जागा लागते. आकड्यांतही हेच, फोर'टीन, पण 'फोरटीन 'बुक्स. होमसिक, वॉटरप्रूफ हे मात्र पक्के 'होमसिक, 'वॉटरप्रूफ, तर ड्यूटी 'फ्री परत दुसऱ्यावर.

तीन शब्द एकत्र आले की घाबरू नका, आधी त्यातले कुठले दोन आधी जुळलेत ते बघा. 'लाइटहाउस कीपर म्हणजे दीपगृहाचा राखणदार, तिथे लाइटहाउस हे आधीच एक नाव, त्याला कीपर जोडला, जोर लाइटवरच राहिला. लाइट 'हाउसकीपर म्हणजे हलकं फुलकं घरकाम करणारी, तिथे हाउसकीपर आधी जुळलं आणि लाइट हे त्याचं वर्णन. अक्षरं तीच, जोर सरकला आणि समुद्रावरचा माणूस घरात आला. म्हणून ब्लड प्रेशर मशीन, ब्लड प्रेशर टॅब्लेट असं काहीही पुढे लावत गेलात तरी जोर ब्लडवरून हलवायचा नाही, पुढचे सगळे शब्द खालच्या सा वर सरळ चालत जाऊ द्यायचे.

एक प्रसंग असतो जिथे सगळे नियम मोडतात आणि मोडायलाच हवेत, तो म्हणजे तुलना. डॉक्टरने चुकीचं ऐकलं आणि तुम्हाला दुरुस्त करायचंय, तर नॉट हार्ट अ'टॅक, हार्ट 'फेल्युअर. हार्ट दोन्हीकडे सारखा, वेगळेपण दुसऱ्या शब्दात, म्हणून जोर तिकडे. नर्सच्या कामात हे फार उपयोगी पडतं.

ब्रिटिश आणि अमेरिकन फरक थोडा आहे. वीकेंड ब्रिटनमध्ये वीक'एंड, अमेरिकेत 'वीकेंड. आइस क्रीम अमेरिकेत 'आइस क्रीम, ब्रिटनमध्ये दोन्ही तऱ्हा चालतात. ज्या देशात जायचंय तिथलं धरा आणि डिक्शनरीच्या वेबसाइटवर दोन्हींचे आवाज दिलेले असतात तिथे ऐका. एकच शब्द दोन तऱ्हांनी ऐकू आला म्हणून आपलं चुकलं असं मानू नका.

सरावाची माझी पद्धत सांगते. पुस्तकातली यादी घेऊ नका, आपल्या कामातले वीस जोडशब्द स्वतः कागदावर लिहा. नर्सना मी देते त्यातले काही हे, 'हार्ट अटॅक, 'ब्लड प्रेशर, 'ब्लड टेस्ट, 'पेनकिलर, 'व्हीलचेअर, 'आय ड्रॉप्स, 'फूड पॉयझनिंग, 'साइड इफेक्ट, 'टूथेक, 'वेटिंग रूम, आणि त्यांच्यात मुद्दाम मिसळलेले दोन उलटे, इंटेन्सिव्ह 'केअर आणि जनरल 'वॉर्ड. प्रत्येक शब्दात आधी पेन्सिलने जोडावर उभी रेघ मारा. मग सिलॅबल मोजून वर आकडा टाका. मग जोराची खूण. मग शब्द न म्हणता तीनदा गुणगुणा, मग शब्द म्हणा, मग लगेच छोट्या वाक्यात, शी हॅड अ 'हार्ट अटॅक लास्ट इयर. सुट्या शब्दात जमतं आणि वाक्यात परत सपाट होतं, हे सगळ्यांचंच होतं, म्हणून वाक्याशिवाय सराव अर्धाच.

मग फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी खरं ऐकू येतं, आणि ऐकताना एकच गोष्ट तपासा, दुसरा शब्द खाली उतरला का. उतरला नसेल तर त्या शब्दापुढे फुली मारा आणि उद्याच्या सरावात तोच पहिला घ्या.